खाचखळगे

आमच्या घरात स्टीलचा एक डबा आहे. त्याच्यावर सौ.च्या अक्षरात 'चकली' अशी चिठ्ठी डकवलेली आहे. ही चिठ्ठी २००९ सालच्या दिवाळीची. चकल्या त्याच दिवाळीत संपल्या (मी संपवल्या, कुणीतरी संपवायलाच हव्या होत्या). रिकाम्या डब्यात मग वायरी राहायला आल्या आणि हळूहळू तिथे त्यांची वस्ती झाली. त्यात नोकियाचा जाड पिनेचा चार्जर आहे, नोकियाचाच बारीक पिनेचा चार्जर आहे, कॅमेऱ्याची वायर आहे (कॅमेरा नाही), प्रिंटरची अंगठ्याएवढी जाड वायर आहे, आणि दोन वायरी तर अशा आहेत की त्या कशाच्या, हे आता फक्त परमेश्वरच सांगू शकेल. दर दिवाळीला सौ. विचारते, "अहो, हे टाकू का?" आणि दर दिवाळीला मी म्हणतो, "राहू दे, लागेल."

बँकेत वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस सहसा काही टाकत नाही. आमच्याकडे व्हाउचरंसुद्धा आठ आठ वर्षं गोण्यांत भरून ठेवतात, मग चार्जरने काय घोडं मारलंय? पण हा डबा गेली काही वर्षं भरतोच आहे, आणि त्याचा दोष माझ्याकडे नाही. तो संगणक बनवणाऱ्या लोकांकडे आहे. त्यांच्याशी माझं भांडण आहे आणि आज ते जाहीरपणे करायचं मी ठरवलं आहे. घरात भांडायला जागा नसते, म्हणून इथे.

भांडण असं. संगणकाच्या कुशीला किंवा पाठीला वायरी खुपसायच्या ज्या खाचा असतात, ज्यांना जाणकार मंडळी 'पोर्ट' म्हणतात, त्या हे लोक एकेक करून बुजवत निघाले आहेत. जुन्या सगळ्या बंद आणि त्यांच्या जागी एकच नवी : यूएसबी टाइप-सी. चपटी, लंबगोल, वरून-खालून सारखी. नव्या खाचेबद्दल माझं काही म्हणणं नाही. घराला नवा दरवाजा पाडायला कोण नको म्हणतो? पण जुन्या दाराने आजी आत येत असताना तिथे विटा रचायला घेणारा गवंडी मी तरी पाहिलेला नव्हता. आजींचं पुढे सांगतो.

आधी जुन्या संगणकाची पाठ आठवा. मी बँकेत लागलो तेव्हाच्या यंत्राला पुढून काही बघण्यासारखं नसे. सगळा कारभार पाठीमागे. जांभळी गोल खाच कीबोर्डची, हिरवी गोल खाच माउसची, पंधरा छिद्रांची निळी खाच पडद्याची (ही १९८७ पासूनची), आणि पंचवीस छिद्रांची लांबलचक खाच प्रिंटरची. आमच्या शाखेतले शिपाईमामा, ज्यांचा संगणकाशी संबंध फडक्यापुरता, तेसुद्धा साफसफाईनंतर सगळ्या वायरी बिनचूक जोडायचे. जांभळं जांभळ्यात, हिरवं हिरव्यात. जे बसेल ते तुमचं, जे बसणार नाही ते दुसऱ्याचं. एवढा सरळ व्यवहार आमच्या लॉकरच्या खोलीतसुद्धा होत नाही.

मग यूएसबी आली, १९९६ साली. आयताकृती, चौकोनी तोंडाची. तिचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते इंटेलमधले अजय भट्ट आपल्या बडोद्याचे, सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठात शिकलेले. हे कळल्यावर मला फार अभिमान वाटला आणि थोडा रागही आला. कारण ही पिन पहिल्या खेपेला कधीच बसत नाही. एकदा लावावी, बसत नाही. उलटी करावी, बसत नाही. पुन्हा सुलटी करावी, बसते. असं का? तर दोन्ही बाजूंनी बसणारी केली असती तर तारा दुप्पट, सर्किटं दुप्पट आणि खर्चही दुप्पट झाला असता, असा खुलासा भट्टसाहेबांनीच केलेला आहे. हा खुलासा वाचल्यावर मात्र माझा राग गेला. खर्च वाचवण्यासाठी लोकांना तीनदा यायला लावणं ही पद्धत आम्ही रोज वापरतो.

शिवाय त्या चौकोनी खाचेत एक थोर गुण होता. ती जुन्याला विसरत नसे. २००८ साली तिची निळ्या जिभेची तिसरी आवृत्ती आली, कितीतरी पट वेगवान. पण १९९८ सालचा माउस तिच्यात नेऊन खुपसा, काम करतो. आणि ही चौकोनी आली म्हणून जांभळी-हिरवी कुणी लगेच बुजवली नाही. आमच्या शाखेत सगळ्या वर्षानुवर्षं शेजारी शेजारी नांदल्या. कुणाचं काही अडलं नाही.

२०१४ साली टाइप-सी आली. चोवीस पिना, कशीही लावा, बसते. चौकोनीची पिन साडेचार मिलिमीटर जाड, ही अडीच. आणि इथेच घात झाला. त्या दोन मिलिमीटरांच्या लोभाने लॅपटॉपवाल्यांना बारीक होण्याचं जे वेड लागलं, ते लग्न ठरलेल्या मुलींनाही कधी लागलं नसेल.

आता आजी.

२०१९ सालचा नोव्हेंबर. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचा दाखला देण्याचा महिना. २०१४ पासून हा दाखला संगणकावरून देता येतो. आधार क्रमांक घालायचा, ठसे घ्यायच्या यंत्रावर बोट टेकवायचं, आणि पलीकडच्या यंत्राची खात्री पटली की तुम्ही वर्षभर जिवंत. आमच्या एक खातेदार आजी, वय ८४, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. लिफ्ट नाही. यजमान रेल्वेत गार्ड होते, त्यांच्या पश्चात आजींना फॅमिली पेन्शन. त्या वर्षी गणपतीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आजींना शाखेत आणणं शक्य नव्हतं, तेव्हा शाखेनेच आजींकडे जायचं ठरलं. शाखा म्हणजे मी. तारीख २९, शुक्रवार. मुदत शनिवारी संपणार.

मॅनेजरसाहेबांनी नुकताच वरून आलेला नवा लॅपटॉप माझ्या हाती दिला. "जपून न्या हो, बारीक आहे." खरोखरच बारीक होता. दप्तरात घातला तर पासबुकांच्या गठ्ठ्यात हरवेल असा.

आजींनी जय्यत तयारी ठेवली होती. उशांना टेकून बसलेल्या, घडीचं पातळ, आणि उजव्या हाताची बोटं साबणाने धुऊन पंचावर ठेवलेली. सूनबाईंनी पोहे आणले. मी लॅपटॉप उघडला, ठशांचं यंत्र बाहेर काढलं, त्याची चौकोनी पिन हातात धरली आणि लॅपटॉपच्या डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे पाहिलं. मग लॅपटॉप उभा केला, आडवा केला, पालथा करून पाहिला, आपण नारळ घेताना बघतो तसा. दोन बारीक लंबगोल खाचा, बस्स. चौकोनी खाच कुठेही नव्हती.

"काय झालं हो?" आजींनी विचारलं.

"आजी, यंत्राला खाच नाही."

"म्हणजे मी जिवंत नाही का?"

सूनबाईंनी शेजारी हाक मारली. शेजाऱ्यांनी खाली हाक मारली. आणि वाचकहो, मला त्या दिवशी कळलं की चकलीचा डबा आमच्या एकट्याच्या घरात नाही. त्या इमारतीत तो प्रत्येक घरात होता. कुठे तो शेवेचा होता, कुठे बुटांच्या खोक्यात होता, एकाकडे तर देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात होता. अर्ध्या तासात आजींच्या कॉटवर वायरींचा ढीग झाला. नोकियाच्या बारीक पिनाच सात निघाल्या. कुणी टेपरेकॉर्डरची आणली, एका काकूंनी घाईघाईत मिक्सरची आणली. हवी ती मात्र नव्हती. शेवटी आजींचा नातू, वय वर्षं बारा, शाळेतून आला, त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "काका, तुम्हाला सी मेल टू ए फीमेल लागेल." आजींसमोर असलं बोलणं मला प्रशस्त वाटेना, म्हणून मी विषय बदलला.

कागदी दाखलाही चालतो, नाही असं नाही. पण त्यावर अधिकाऱ्याची सही लागते. मी पडलो कारकून. एखादी बाई माझ्यासमोर बसून मला पोहे खायला घालते आहे, एवढ्यावरून ती जिवंत आहे असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. आणि अधिकारी ठाण्याला मीटिंगला.

मी आवराआवर करून निघालो. आजी म्हणाल्या, "उद्या ये रे बाबा. तोवर मी टिकते." जिना उतरताना माझ्या डोक्यात काय काय आलं ते इथे छापता येणार नाही. ती पेन्शन थांबली असती तर त्या घरात जानेवारीपासून औषधं कुठून येणार होती? आणि ती कशामुळे थांबणार होती? दोन मिलिमीटरांमुळे!

दुसऱ्या दिवसाचं शेवटी सांगतो, आधी भांडण पुरं करू द्या.

या बुजवाबुजवीचा मोठा धडाका २०१६ सालचा. सप्टेंबरात ॲपल कंपनीने आयफोन ७ मधून हेडफोनची गोल खाच काढली आणि ती का काढली हे सांगताना त्यांच्या बड्या अधिकाऱ्याने 'धैर्य' हा शब्द वापरला. खाच बुजवायला धैर्य लागतं हे आमच्या गवंड्याला कळलं तर तो दर वाढवील. मग २७ ऑक्टोबरला त्याच कंपनीने नवा मॅकबुक प्रो आणला. त्यात चौकोनी खाच नाही, पडद्याची नाही, कॅमेऱ्याच्या कार्डाची नाही, सगळीकडे सी. फक्त हेडफोनची गोल खाच तेवढी शाबूत! फोनमध्ये खर्ची पडलेलं धैर्य लॅपटॉपपर्यंत पुरलं नसावं. गंमत म्हणजे आयफोन ७ बरोबर मिळणारी त्यांचीच वायर त्यांच्याच या लॅपटॉपात बसत नव्हती. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा १९ डॉलरचा कन्व्हर्टर ९ डॉलरला केला. आधी दार बुजवायचं आणि मग शिडी सवलतीत विकायची.

यानंतर बारा दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, आमच्याकडे नोटा बदलल्या. त्या राजकारणात मी पडत नाही. मी काउंटरच्या आतल्या बाजूला होतो, तिथून राजकारण दिसत नाही, फक्त रांग दिसते. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. नवी दोन हजाराची नोट एटीएमच्या कप्प्यात बसेना! आकार वेगळा. देशभरातली यंत्रं एकेक करून उघडून कप्पे जुळवावे लागले, आणि तोपर्यंत नोट होती, यंत्र होतं, लोक होते. फक्त खाच नव्हती. पुढे २०२१ च्या ऑक्टोबरात ॲपलने पडद्याची आणि कार्डाची खाच आपल्या लॅपटॉपात परत आणली. धैर्य हा शब्द या वेळी वापरल्याचं माझ्या कानावर नाही. २०२३ च्या मे महिन्यात दोन हजाराची नोटही माघारी बोलावली गेली. म्हणजे बदल करणाऱ्यांनाही बदल महागात पडतो. फरक इतकाच की त्यांना कन्व्हर्टर विकत घ्यावा लागत नाही.

मी कॉमर्सचा पदवीधर. आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात की खर्च हवेत विरत नाही. एकीकडे जमा झाला की दुसरीकडे नावे पडतोच. खाच काढून कंपनीने जे वाचवलं ते तिच्याकडे जमा. नावे कुणाच्या? तुमच्या, माझ्या आणि पेन्शनवर जगणाऱ्या आजींच्या. लॅपटॉपच्या खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. आयकर खातं संगणकाला वर्षाला ४० टक्के घसारा देतं, म्हणजे शंभराचे साठ, साठांचे छत्तीस. पण हा घसारा वहीत होतो, वस्तूत नाही. आमचा पासबुक छापायचा प्रिंटर वहीत केव्हाच मेला आहे. प्रत्यक्षात अजून खडाखडा छापतो. तो मरेल तो म्हातारपणाने नव्हे, त्याची वायर लावायला जागा न मिळाल्याने.

आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत. त्यांचं मत वेगळं आहे (त्यांचं मत आमच्या घरात नेहमीच वेगळं असतं). तो म्हणतो, "बाबा, जुनं काढल्याशिवाय नवं रुजत नाही. यूएसबी १९९६ ला आली, पण वापरत कोण होतं? १९९८ ला आयमॅक आला, त्यात फ्लॉपी नाही, जुने पोर्ट नाहीत, सगळं यूएसबी. तेव्हा कुठे लोक वळले."

मुद्दा खरा आहे. चिरंजीवांचा मुद्दा खरा असला की मी चष्मा पुसायला घेतो. पुसून झाल्यावर मी त्याला नव्या पैशाची गोष्ट सांगितली. १ एप्रिल १९५७ ला आण्यांचा हिशेब जाऊन रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. केवढा मोठा बदल! एका आण्याचे सव्वासहा पैसे. तो पाव पैसा कुणाचा, यावरून भाजीवालीशी भांडणं व्हायची, असं आमचे आजोबा सांगत. पण आजोबांच्या खिशातले आणे त्या दिवशी कुणी बाद केले नाहीत. जुनी नाणी आणि नवी नाणी काही वर्षं एकाच गल्ल्यात राहिली. आणे आपोआप कमी होत गेले, आणि १९६४ साली 'नवा पैसा' यातलं 'नवा'सुद्धा गळून पडलं. बदल असा करतात. ज्या देशाला सव्वासहाचा हिशेब झेपला, त्याला एका लॅपटॉपला दोन प्रकारच्या खाचा झेपणार नाहीत?

"पण बाबा, एकच खाच सगळीकडे असली की गोंधळ नाही," चिरंजीव म्हणाला. आणि इथे मी त्याला पकडला. कारण एकच खाच आहे हीच मुळात थाप आहे. तोंड एक, पोटं वेगळी. एका सीमधून पडदा चालतो, दुसरीतून नाही. एका सी-वायरने लॅपटॉप चार्ज होतो, दुसरीने फोनसुद्धा कुरकुरत होतो. एक वायर सेकंदाला ४० गिगाबिट नेते, तिची जुळी बहीण ४८० मेगाबिटवर थांबते, आणि दोघींना शेजारी ठेवलं तर त्यांची आईसुद्धा ओळखणार नाही. पूर्वी बसत नसे, म्हणून चालत नसे. आता बसतं आणि चालत नाही. बसत नाही त्याला निदान दुकानात परत करता येतं.

आणि नावं! २००८ साली जिला 'यूएसबी ३.०' म्हणत, तिला पुढे 'यूएसबी ३.१ जेन १' केलं, आणि मग 'यूएसबी ३.२ जेन १'. वेग तोच, सेकंदाला ५ गिगाबिट. दोनदा नाव बदललं आणि शिल्लक एका पैशाने वाढली नाही! एखाद्या खातेदाराने आमच्याकडे असं केलं असतं तर आम्ही त्याच्याकडून गॅझेटची प्रत, दोन फोटो आणि नवीन केवायसी घेतलं असतं, आणि तरीही मॅनेजरसाहेबांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं असतं.

हल्ली या मंडळींनी युरोपाचं नाव पुढे करायला सुरुवात केली आहे. युरोपात कायदाच झालाय ना! झालाय. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला चार्जिंगसाठी सी पाहिजे, लॅपटॉपसाठी तारीख २८ एप्रिल २०२६. चार्जरचा कचरा कमी व्हावा हा हेतू उत्तम आहे. सात बारीक पिनांचा ढीग ज्याने कॉटवर पाहिलाय तो या कायद्याला विरोध करणार नाही. पण त्या कायद्यात सी ठेवा असं म्हटलंय. बाकीच्या बुजवा असं कुठे म्हटलंय? आमच्याकडेही एखादं परिपत्रक आलं की त्यात नसलेलं कलम सगळ्यात आधी अमलात येतं.

तर दुसरा दिवस, शनिवार. सकाळी आठला फडके रोडच्या एका मोबाइलच्या दुकानाचं शटर वर होण्याची वाट पाहत मी उभा होतो. कन्व्हर्टर ३८० रुपये. नखाएवढी वस्तू. दुकानदार म्हणाला, "साहेब, लॅपटॉप कमी खपतात, हेच जास्त जातात." तो घेऊन तिसरा मजला चढलो. आजी त्याच पातळात, बोटं पुन्हा धुतलेली. यंत्र लागलं, दिवा पेटला. पण अंगठा उमटेना. साठ-सत्तर वर्षं भाकऱ्या थापून रेषा झिजलेल्या. तर्जनी, नाही. मधलं, नाही. सूनबाईंनी खोबरेल आणलं. चौथं बोट, करंगळीशेजारचं, ते मात्र पहिल्या फटक्यात लागलं. पडद्यावर हिरवी खूण आली. आजी म्हणाल्या, "हे बोट कशाला वापरलंच नाही कधी, म्हणून राहिलं." आणि सूनबाईंना पोहे आणायला सांगितलं.

कन्व्हर्टरचे पैसे मी माझ्या खिशातून भरले होते, म्हणून सोमवारी ३८० रुपयांचं व्हाउचर केलं. आठवड्याने ते परत आलं. शेरा : 'सदर खर्चाचे शीर्ष कळवावे.' आमच्याकडे शीर्षं ठरलेली आहेत : स्टेशनरी, टपाल, चहापान, किरकोळ दुरुस्ती. पुष्कळ विचार करून मी 'किरकोळ दुरुस्ती' लिहिलं. पुन्हा परत. शेरा : 'लॅपटॉप नवीन असताना दुरुस्ती कशाची, याचा खुलासा करावा.' मी खुलासा केला : 'लॅपटॉप नवीन असल्यामुळे त्यात नसलेल्या खाचेची.' त्यानंतर ते व्हाउचर परत आलेलं नाही. पैसेही आलेले नाहीत. पण आमच्याकडे व्हाउचर आठ वर्षं जपून ठेवतात, तेव्हा २०२७ पर्यंत तरी मी आशा सोडलेली नाही.